कोशातील जीव : पतंगांच्या कोशाची रचना, त्याचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

(वन्यजीव सप्ताहानिमित्त शिक्षक, वनकर्मचारी व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वन्यजीव सप्ताह म्हटला की वाघ, गवा, हत्ती यांची चर्चा होते व ती व्हावयासच हवी. परंतु आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो मुठीत मावेल एवढा लहान आहे. पतंगाचा कोश हा तो विषय होय. ऑक्टोबर महिन्यात पाऊस ओसरतो. या सुमारास ऐनाच्या, अर्जुनाच्या किंवा काजूच्या फांद्यांकडे नीट पाहिले, तर वाळलेल्या फळासारखी किंवा चुरगळलेल्या पानासारखी दिसणारी वस्तू आपल्याला आढळेल. पुष्कळजण ती वाळकी बोंडे समजून पुढे जातात. वस्तुत: तेथे एक जिवंत प्राणी पुढील पावसाळ्याची वाट पाहत असतो. त्याचे रक्षण कसे होते, कोणापासून होते आणि कोणापासून होत नाही, एवढ्याच तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

कोशाची आवश्यकता

पतंगाच्या आयुष्यात अंडी, अळी, कोशित आणि पतंग अशा चार अवस्था असतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. यांपैकी अळी ही खाणारी अवस्था आहे. तिला चालता येते, लपता येते, काही जातींत अंगावरच्या दाहक केसांनी शत्रूला दूरही ठेवता येते. पतंगाला उडता येते. कोशित मात्र यांपैकी काहीही करू शकत नाही. त्याला पाय असून नसल्यासारखे, पंख असून नसल्यासारखे. फार तर पोटाचा भाग थोडासा हलविता येतो. आतमध्ये तर अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून त्यातून पंख, लांब पाय, संयुक्त डोळे आणि मिशा असा नवाच देह घडत असतो. पहिल्या काही दिवसांत त्याची त्वचा इतकी मऊ असते की साध्या धक्क्यानेही इजा होते.

अशा जीवाला घर बांधून द्यावयाचे झाले, तर त्या घराकडून कोणत्या अपेक्षा ठेवाव्या लागतील? पक्षी, मुंग्या, उंदीर यांना ते फोडता येऊ नये. उन्हाने आतला ओलावा आटू नये व पावसाने आत पाणी साचू नये. बुरशी आणि जंतू यांना वाव मिळू नये. एवढा बंदोबस्त असूनही आत हवा खेळती राहावी. आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी की, बाहेरच्याला आत येता येऊ नये, परंतु आतल्याला योग्य वेळी बाहेर पडता यावे. या अपेक्षा एकमेकींच्या विरोधी आहेत. अळी त्या सर्व पुऱ्या करते, आणि तेही स्वत:च्या लाळग्रंथींपासून विकसित झालेल्या रेशीमग्रंथींच्या एकाच पदार्थातून.

धागा आणि भिंत

तुतीच्या रेशीमकिड्याचे उदाहरण घेऊ, कारण त्याचा अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबविते, पोट रिकामे करते आणि डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवीत दोन ते तीन दिवस सतत सूत काढीत राहते. हा धागा मधे न तुटता शेकडो मीटर लांब निघतो. चांगल्या द्विपीक जातींमध्ये ही लांबी एक हजार मीटरहून अधिक भरते. प्रत्येक धाग्यात फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे दोन तंतू असतात व त्यांना सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या प्रथिनाने एकत्र चिकटविलेले असते. कोशाच्या वजनात या डिंकाचा वाटा सुमारे चतुर्थांश असतो. गवंडीकामाच्या भाषेत सांगावयाचे तर फायब्रॉइन ही वीट आणि सेरिसिन हा चुना होय. तंतू ताण सोसतात, डिंक थराला थर जोडतो. म्हणूनच कोश बोटांनी सहज फाटत नाही. धक्का बसला तर तो सगळ्या भिंतीभर वाटला जातो.

या डिंकाची कामगिरी केवळ चिकटविण्यापुरती नाही. बुरशी व जंतू यांच्या पाचक रसांना अटकाव करणारी काही लहान प्रथिने रेशमात आढळली आहेत. उन्हातील अतिनील किरणांचा काही भागही वरचे थर शोषून घेतात. भिंत दिसावयास घट्ट असली तरी तंतूंमधील सूक्ष्म फटींतून प्राणवायू आत येतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जातो. कोशिताचा श्वास मंद असल्यामुळे एवढी वाट त्याला पुरते.

आता तुतीचा किडा बाजूला ठेवून रानातल्या टसर पतंगाकडे वळू. माणसाने हजारो वर्षे पाळल्यामुळे तुतीच्या किड्याला रानात जगणे उरलेले नाही. टसर पतंगाला मात्र ऊन, पाऊस आणि शत्रू यांच्याशी आजही स्वत:च सामना द्यावा लागतो. त्यामुळे त्याचा कोश अधिक भक्कम आहे. टसरची अळी ऐन, अर्जुन, साल इत्यादी वृक्षांची पाने खाते. यांपैकी ऐन, म्हणजेच माट्टी, हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे, आणि सह्याद्रीच्या रानांतही हा पतंग आढळतो. कोश विणण्यापूर्वी ही अळी आधी पाने जवळ ओढून आडोसा करते. नंतर फांदीभोवती रेशमाचे कडे गुंडाळून त्यापासून एक बळकट देठ तयार करते आणि त्या देठाला कोश टांगते. पान गळते, परंतु कोश गळत नाही. उन्हाळ्यात संपूर्ण झाड निष्पर्ण झाले तरी तो वाऱ्यावर झुलत राहतो आणि जमिनीवरच्या मुंग्या, उंदीर, वाळवी यांपासून दूर राहतो.

विणकाम चालू असताना अळी कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असलेला एक पांढुरका द्रव सोडते. तो थरांत मुरतो व वाळल्यावर भिंत कवचासारखी कडक होते. पूर्ण झालेला टसर कोश हातात घेतला तर लहान अंड्यासारखा टणक लागतो. त्याचा रंग राखट, पिवळसर किंवा तपकिरी असल्यामुळे तो वाळक्या फळात खपून जातो.

निरनिराळ्या घराण्यांच्या निरनिराळ्या रीती

सर्वच पतंग असा रेशमी किल्ला बांधीत नाहीत. रुईफुलासारख्या मोठ्या फुलांवर सायंकाळी घिरट्या घालणाऱ्या शक्तिमान पतंगांपैकी पुष्कळांच्या अळ्या जमिनीत शिरतात आणि मातीच्या पोकळीतच कोशित होतात. केसाळ सुरवंट आपल्याच अंगावरचे केस विणीत मिसळतात. अशा कोशाला हात लावला की खाज सुटते, म्हणजे अळीचे शस्त्र कोशितालाही उपयोगी पडते. माड, आंबा, एरंड यांवर आढळणाऱ्या हिरव्या गोगलगायीसारख्या अळ्यांचे कोश वाटोळे, कठीण आणि बीसारखे असतात. काही अळ्या काड्यांचे तुकडे रेशमाने सांधून पिशवी करतात व ती जन्मभर पाठीवर वाहतात. कोशित होण्याची वेळ आली की तीच पिशवी फांदीला बांधून तिचाच कोश करतात.

काजूच्या बागाइतदारांना आणखी एक कोश परिचयाचा असेल. काजू व आंब्यावर समूहाने राहणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या सोनेरी, जाळीदार कोश विणतात. त्याच्या जाळीतून आतला कोशित चक्क दिसतो. येथे भिंतीचा टणकपणा नाही, परंतु कोश घोसाघोसांनी एकमेकांना चिकटलेले असतात व पाणी साचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

बाहेर पडण्याची वाट

आपल्या अध्यात्मग्रंथांत कोशकीटकाचा दृष्टान्त वारंवार येतो. स्वत:च्याच धाग्यांनी स्वत:ला बांधून घेणारा जीव, असा त्याचा आशय. दृष्टान्त म्हणून तो समर्पक आहे. परंतु कीटकाच्या बाजूने पाहिले तर तो अपुरा ठरतो, कारण हा कीटक घर बांधतानाच दाराची सोय करून ठेवतो.

ही सोय तीन प्रकारांची असते. पहिला प्रकार द्रवाचा. टसर आणि तुतीच्या पतंगांना दात नसतात, त्यांना धागा कुरतडता येत नाही. बाहेर पडावयाच्या वेळी ते एक पाचक द्रव सोडतात. त्यातील कोकुनेज नावाचे विकर सेरिसिनचा डिंक विरघळविते, फायब्रॉइनच्या तंतूंना मात्र धक्का लावीत नाही. काफाटोस आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या विकराचे कार्य स्पष्ट केले. चुना विरघळला की विटा सुट्या होतात, आणि पतंग तंतू बाजूला सारून टोकाकडून बाहेर येतो. दुसरा प्रकार झाकणाचा. गोगलगायीसारख्या अळ्यांच्या कोशाला वाटोळे झाकण असते व कोशित ते आतून ढकलतो. तिसरा प्रकार एकेरी दरवाज्याचा. युरोपातील एम्परर नावाच्या पतंगाच्या कोशाच्या तोंडाशी ताठ तंतू टोकाकडे निमुळते होत एकत्र आलेले असतात. मासे पकडण्याच्या बांबूच्या सापळ्यातून मासा आत जातो पण परत येत नाही. येथे त्याच्या उलट, आतला बाहेर येतो पण बाहेरचा आत जाऊ शकत नाही. आसामातील एरी पतंगाचा कोशही टोकाशी उघडा असतो.

बाहेर केव्हा पडावे हेही ठरलेले असते. चिनी टसर पतंगाच्या कोशिताला मेंदूच्या वर त्वचेचा एक पारदर्शक भाग असतो व कोशाच्या भिंतीतून झिरपणारा प्रकाश तेथून मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवस मोठे होऊ लागल्याची जाणीव त्याला त्यातून होते आणि त्याची दीर्घ निद्रा संपते. ट्रूमन आणि रिडिफोर्ड यांनी १९७० साली याहून नवलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी बाहेर पडणाऱ्या दोन जातींच्या कोशितांच्या मेंदूंची त्यांनी अदलाबदल केली. तेव्हा प्रत्येक पतंग ज्याचा मेंदू त्याला मिळाला होता त्या जातीच्या वेळेस बाहेर आला. सारांश, कोश ही अंधारकोठडी नव्हे. बाहेरच्या ऋतूशी त्याचा संबंध कधीही तुटलेला नसतो.

संरक्षणाच्या मर्यादा

येथवर आपण कोशाचे गुण पाहिले. परंतु कोणताही किल्ला अभेद्य नसतो. टसरच्या कोशावर काळे ठिपके असलेली एक पिवळी परोपजीवी गांधीलमाशी टपून बसते. भिंत अजून ओली व मऊ असते तेवढ्या अवधीत ती आपली लांब नळी आरपार खुपसून आतल्या जीवात अंडे घालते. उझी माशीची युक्ती वेगळी आहे. ती अळीच्याच अंगावर अंडी घालते. अळी कोश विणते खरी, परंतु शत्रू आधीच आत असतो, आणि काही दिवसांनी माशीची अळी कोशाला भोक पाडून बाहेर येते. १९८० साली ही माशी बंगालमधून कर्नाटकात पोहोचली आणि तेथील रेशीम उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. पेब्रिन हा रोग तर आईकडून अंड्यातूनच येतो. लुई पाश्चर यांनी १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समध्ये त्याचा छडा लावला व मादी पतंगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडीपुंज निवडण्याची पद्धत घालून दिली. ती आजही चालू आहे. बाहेरून येणाऱ्याला भिंत अडवू शकते, आतूनच आलेल्याला नाही, हा यातील धडा होय.

दुसरी मर्यादा आगीची. आपल्याकडील टसरचा कोश हिवाळा आणि संपूर्ण उन्हाळा झाडावर लटकत काढतो, आणि वणव्याचे दिवसही तेच. ऊन सोसण्यासाठी केलेली भिंत ज्वाळा सोसू शकत नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या रानांत अनेक ठिकाणी वणवे लागले. वणव्यानंतर आपण जळालेली झाडे मोजतो. त्या झाडांवर टांगलेल्या पुढच्या पिढीची मोजदाद कोठेही होत नाही.

तिसरी मर्यादा आपण स्वत:. पतंग बाहेर पडताना टोकाकडचे तंतू विस्कटतात व कोशाला भोक पडते. अशा कोशातून सलग धागा ओढता येत नाही, म्हणून रेशमासाठी कोशितांना वाफेने किंवा उष्ण हवेने आधीच मारावे लागते. हा धंदा हजारो कुटुंबांचा आधार आहे. विदर्भातील ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर पिढ्यान् पिढ्या टसर पाळीत आला आहे, आणि चांपा येथील कोशाचे कापड देशभर प्रसिद्ध आहे. या धंद्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. उत्तम उत्पादक बियाण्याचे कोश आधी वेगळे काढतो आणि मग उरलेले विकतो. शेतकरी बियाण्याचे धान्य वेगळे ठेवतो, तशातलाच हा प्रकार.

अडचण येते ती जेथे बियाणे कोणी राखीत नाही तेथे. बस्तरच्या सालवनांत रैली नावाचा टसर कोश आढळतो. तो पाळीव नाही, रानातूनच गोळा करावा लागतो. त्याचा धागा उत्तम, कोश मोठा आणि कडक, त्यामुळे मागणीही मोठी. गोळा केलेले कोश आठवड्याच्या बाजारात विकले जातात व त्या प्रत्येक कोशाबरोबर एक पतंग कमी होतो. बेसुमार वेचणीमुळे ही जात घटत गेल्यावर काही कोश रानातच टांगून, त्यांतून पतंग निघू देऊन, अंडी तेथेच झाडांवर सोडण्याचे उपक्रम हाती घ्यावे लागले.

एका कोशाची किंमत

येथे थोडा हिशेब करू. टसरची मादी साधारणपणे दोनशेच्या आसपास अंडी घालते. रानातील पतंगांची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच राहावयाची असेल, तर या दोनशेंतून सरासरी दोनच जीव पतंग होऊन प्रजनन करतात, असा त्याचा अर्थ होतो. बाकीचे मुंग्या, पक्षी, कोळी, माश्या आणि रोग यांच्या वाट्याला जातात. कोशापर्यंत पोहोचलेला जीव हा त्या गर्दीतून तावून सुलाखून निघालेला असतो. एक अंडे नष्ट झाले तर रानाचे फारसे बिघडत नाही. एक कोश गेला तर मात्र अनेक अंड्यांचे मोल गेले असे समजावे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. टसर पतंगाला खाण्यायोग्य मुखावयव नसतात. अळीने साठविलेल्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो व तेवढ्यातच मादीच्या गंधाच्या मागावर नराने तिला गाठावयाचे असते. रानात कोश विरळ झाले की हे मीलनच दुर्घट होते. म्हणजे शेवटचा कोश वेचला जाण्याच्या कितीतरी आधीच जात संपावयास लागलेली असते.

आपण काय करू शकतो

तेव्हा समारोप करताना तीन विनंत्या करतो.

वनकर्मचाऱ्यांना विनंती अशी की, जाळरेषा काढताना व फांद्या तोडताना ऐन, अर्जुन, किंजळ या झाडांवरील लटकते कोश ओळखावयास मजुरांना शिकवावे. कोश असलेली फांदी तोडावीच लागली तर ती शेजारच्या झाडाच्या सावलीच्या बाजूस बांधून ठेवावी. एवढ्याने कोशिताचे काम भागते. त्याला हवा, थोडा ओलावा आणि पावसाळ्यापर्यंतची उसंत यांखेरीज काहीही नको असते.

काजूबागाइतदारांना सांगावयाचे ते असे की, कीड वाढली असेल तर तिचा बंदोबस्त करणे हा तुमचा हक्क आहे. परंतु प्रत्येक कोश हा शत्रू नव्हे. बागेच्या साफसफाईचा पाला पेटविण्यापूर्वी बांधावरच्या रानझाडांकडे एकवार पाहावे आणि आग रानात शिरणार नाही याची खबरदारी घ्यावी.

शिक्षकांना व विद्यार्थ्यांना शेवटची विनंती. वर्गात दाखविण्यासाठी एकच कोश पुरे. तो डबीत बंद न करता खिडकीजवळ फांदीसह टांगून ठेवावा व कडक उन्हाळ्यात अधूनमधून पाणी शिंपडावे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की सायंकाळी त्याच्या टोकाशी ओला डाग दिसू लागेल. त्या वेळी कात्री घेऊन मदतीस धावू नये. बाहेर आलेल्या पतंगाला पंख पसरण्यासाठी उभा आधार लागतो. ती फांदीच त्याला पुरेशी आहे. पंख वाळले की त्याच रात्री त्याला ऐनाच्या झाडापाशी सोडून द्यावे. रिकामा कोश मात्र शाळेने खुशाल ठेवावा. त्याची भिंत, त्याचा देठ आणि टोकाचे विस्कटलेले तंतू पाहून पुढच्या वर्षीच्या मुलांनाही हाच पाठ शिकविता येईल.

अळीने आपले काम चोख केलेले आहे. ऊन, पाऊस, पक्षी आणि मुंग्या यांच्याविरुद्ध जे करता येण्यासारखे होते ते तिने केले आहे. आग आणि माणसाचा हात यांपासून वाचविण्याचे काम मात्र तिच्या धाग्याला जमणारे नाही. ते आपल्याकडे आहे.